हेही पाहा

पुस्तक द्यायचं, घ्यायचं, वहीत तारीख मारायची. त्यासाठी पदवी कशाला, हा प्रश्न मी आयुष्यभर ऐकला. लग्न ठरताना ऐकला, शेजारीपाजारी ऐकला, नातेवाइकांच्या पंगतीत ऐकला. निवृत्तीच्या जरा आधी विद्यापीठातल्या एका बैठकीतही तो विचारला गेला आणि त्या दिवशी त्याच्या उत्तरावर आमच्या ग्रंथालयशास्त्र विभागाचं पुढचं सगळं अवलंबून होतं. काही वर्षांपासून प्रवेश रोडावले होते. अभ्यासक्रम चालू ठेवायचा की बंद करायचा हे ठरवायला समिती नेमली होती आणि विभागप्रमुख म्हणून मीही तिच्यात होते.

विभाग म्हणजे विद्यापीठ ग्रंथालयाच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या. एकीत वर्ग भरे, दुसरीत प्रात्यक्षिकं चालत. त्या दुसऱ्या खोलीत भिंतीला लागून सागवानी तालिका-कपाट होतं. प्रत्येक खणात एक पितळी सळई. ती कार्डांच्या खालच्या भोकांतून आरपार जायची, म्हणजे वाचकानं कितीही चाळलं तरी एकही कार्ड जागचं हलू नये. सळई फिरवून सोडवायची, नवं कार्ड अक्षरक्रमानं बसवायचं, पुन्हा सळई घालून आवळायची. मी ऐंशीच्या दशकात बी.लिब.ला आले तेव्हा हे काम आम्हा मुलींना इतकं आवडायचं, की जेवणाच्या सुट्टीतही दोघी-तिघी कार्डं लावत बसायचो. बोटांना पितळेचा वास लागायचा आणि साबणानं हात धुतले तरी जायचा नाही. मधल्या लांब टेबलावर ड्यूईच्या दशांश वर्गीकरणाच्या एकोणिसाव्या आवृत्तीचे तीन जाड खंड असत आणि शेजारी रंगनाथनांच्या द्विबिंदू वर्गीकरणाचं पुस्तक, हाताळून हाताळून बांधणी सैल झालेलं.

आमचे सर पहिल्या दिवशी काहीच शिकवायचे नाहीत. सगळ्या वर्गाला वर देवघेव विभागात न्यायचे आणि म्हणायचे, "तासभर इथं उभे राहा. लोक काय मागतात ते नुसतं ऐका." लोक मागायचे, "मागच्या महिन्यात नेलेलं ते निळ्या कव्हरचं." "पानिपतावरचं, पण ते जाडं नको, दुसरं." "मुलीला वक्तृत्वाला काहीतरी द्या हो." लेखक, पुस्तकाचं नाव, प्रकाशक असं नीट सांगणारा क्वचितच. खाली आल्यावर सर म्हणत, "वाचक असा येतो. त्याच्या तोंडच्या शब्दापासून फडताळातल्या पुस्तकापर्यंत वाट बांधायची, एवढंच आपलं शास्त्र. पण ती वाट प्रत्येक पुस्तकासाठी बांधावी लागते."

ती कशी बांधायची हे मला कळलं ते गडकऱ्यांच्या तासाला. सरांनी टेबलावर तीन पुस्तकं ठेवली: 'एकच प्याला', 'वाग्वैजयंती' आणि 'संपूर्ण बाळकराम'. नाटकावर राम गणेश गडकरी, कवितांवर गोविंदाग्रज, विनोदी लेखनावर बाळकराम. माणूस एक, नावं तीन. "गडकऱ्यांचं सगळं द्या म्हणून वाचक आला," सर म्हणाले, "आणि तुम्ही त्याच्या हातात नाटक देऊन त्याला परत पाठवलंत, तर उरलेली दोन पुस्तकं कपाटात असूनही हरवली." मग आम्ही कार्डं लिहायला बसलो. पाच इंच बाय तीन इंच, काळी शाई, खाडाखोड चालायची नाही. 'गडकरी, राम गणेश' या कार्डाखाली एक ओळ: हेही पाहा, गोविंदाग्रज, बाळकराम. मग गोविंदाग्रजांच्या कार्डावर उलट बाजूची ओळ आणि बाळकरामांच्या कार्डावर तिसरी. दुसऱ्या दिवशी कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर, कवितेला एक नाव, नाटकाला दुसरं. मग आरती प्रभू आणि चिं. त्र्यं. खानोलकर. तुकोबा मात्र सरळ 'त'मध्ये, कारण लोक तिथंच शोधतात. वर्गात तावातावानं वाद व्हायचे. एकजण म्हणायची, सगळं खऱ्या नावाखाली आणा, सोपं होईल. सर विचारायचे, "सोपं कुणाला? तुम्हाला की वाचकाला?" त्यापुढे ती गप्प व्हायची, आम्हीही.

मराठी साहित्याला ड्यूईनं दिलेला अंक ८९१.४६. कविता ८९१.४६१, नाटक ८९१.४६२, कादंबरी-कथा ८९१.४६३. इंग्रजी, जर्मन, फ्रेंच यांना आठशेच्या घरात ऐसपैस दशकं आणि आपण 'इतर साहित्यां'च्या कोपऱ्यात दशांशचिन्हाच्या पलीकडे. ड्यूईनं ही पद्धत १८७६ साली अमेरिकेत बसवली, त्याच्यासमोर तिथली कपाटं होती, हे समजून घेऊनही आम्हाला ते लागायचं. मग सर रंगनाथनांकडे वळायचे आणि त्यांचा आवाज बदलायचा. सरांनी तरुणपणी त्यांची व्याख्यानं ऐकली होती.

शियाळी रामामृत रंगनाथन गणिताचे प्राध्यापक. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि सुरुवातीच्या दिवसांतच इतके कंटाळले, की पुन्हा वर्गावर जाऊ द्या म्हणून आपल्या कॉलेजच्या प्राचार्यांकडे गेले. प्राचार्य म्हणाले, आधी लंडनला जाऊन हा विषय शिकून या, मग बघू. लंडनच्या एका दुकानात त्यांनी मुलांचा मेकॅनोचा खेळ पाहिला. त्याच त्या पट्ट्या आणि तेच ते स्क्रू, पण जोडाल तसं नवं खेळणं. त्यावरून त्यांना सुचलं, की विषयही आधी सुटा करून मग जोडता येईल. त्यातून १९३३ साली द्विबिंदू वर्गीकरण आलं. त्याआधी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पंचसूत्री: ग्रंथ उपयोगासाठी आहेत, प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा, वाचकाचा वेळ वाचवा, ग्रंथालय ही वाढती संस्था आहे. ही पाच वाक्यं आमच्या वर्गात फळ्याच्या वर रंगवलेली होती. परीक्षेपुरती सगळ्यांनाच पाठ होती. मला ती खरी उपयोगी पडली पुढे त्या समितीच्या बैठकीत.

आमच्या वर्गात कोण होतं? मराठी एम.ए. करून नोकरी न मिळालेल्या आम्ही मुली. दोन शाळांचे अर्धवेळ ग्रंथपाल. एक गृहस्थ तालुक्याच्या वाचनालयातून रोज एस.टी.नं येत. वयानं आमच्या काकांएवढे, म्हणून सगळे त्यांना काकाच म्हणायचे. सरांनी दाखल नोंदवहीचे रकाने शिकवले तेव्हा काकांनी पिशवीतून त्यांच्या वाचनालयाची जुनी नोंदवही काढली. मोडीतल्या नोंदी, पुढे बाळबोध, शाईचे तीन-चार रंग. एका पानावर पुस्तकांची किंमत आण्यांत आणि शेऱ्याच्या रकान्यात 'पुरात गेले' असं ओळीनं लिहिलेलं. सर ती वही किती तरी वेळ पाहत बसले. मग कपाटातून शंकर गणेश दाते यांची 'मराठी ग्रंथसूची' काढून त्यांनी तिच्याशेजारी ठेवली. १८०० ते १९३७ पर्यंत छापल्या गेलेल्या मराठी पुस्तकांचा शोध या माणसानं ग्रंथालयं धुंडाळून घेतला आणि पुढच्या खंडात तो १९५० पर्यंत आणला. सर म्हणाले, "दात्यांचं काम कशावर उभं आहे? काकांच्या वाचनालयातल्या अशा वह्यांवर. कुणीतरी लिहून ठेवलं म्हणून कुणीतरी सूची करू शकलं." काकांना भरून आलं होतं.

पुढे मी तिथंच शिकवू लागले. वर्ग भरलेले असायचे, कधी प्रवेशासाठी कुणाची शिफारसही यायची. मग संगणक आला, कार्डं गेली, आणि आम्ही उत्साहानं तेही शिकवलं. ग्रंथालयांची सॉफ्टवेअरं: पुण्यातलं 'स्लिम', इन्फ्लिबनेटचं 'सोल', नंतर 'कोहा'. त्या काळात बऱ्याच ग्रंथालयांनी मराठी पुस्तकांच्या नोंदी रोमन लिपीत भरल्या, कारण देवनागरी टंक सहज चालत नसे. एकाच संगणकात 'नटसम्राट' वेगवेगळ्या स्पेलिंगांनी नांदू लागलं आणि शोधणाऱ्याला एक प्रत सापडली तर दुसरी सापडेना. 'हेही पाहा' ही ओळ यंत्र आपोआप लिहीत नाही. गोविंदाग्रज म्हणजे गडकरी हे कुणीतरी त्याला सांगून ठेवावं लागतं. ते सांगणाऱ्या माणसाचं काम संगणकानं कमी झालं नाही, वाढलं.

काम वाढलं, पण जागा आटल्या. महाविद्यालयांत ग्रंथपाल निवृत्त व्हायचे आणि पद वर्षानुवर्षं रिकामं राहायचं, शाळांतलं पद अर्धवेळच असायचं. नेट-सेट झालेली मुलं मुलाखतीच्या जाहिरातीची वाट पाहत दुसऱ्याच नोकरीला लागायची. सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा महाराष्ट्रात १९६७ चा, त्याखाली हजारो अनुदानित वाचनालयं आहेत, पण तिथल्या सेवकांचा पगार शिकून आलेल्या मुलाला घर चालवायला पुरणारा नाही. ज्यांना पदवी हवीच होती ते नोकरी सांभाळून मुक्त विद्यापीठाकडे गेले. आमच्या प्रवेशयादीतली नावं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली. वर्ग तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर चालू लागले. ही मुलं मनापासून शिकवायची आणि त्यांचं मानधन महिनोन्‌महिने यायचं नाही. मला सगळ्यात जास्त डाचायचं ते हेच.

त्यामुळे बैठकीत वित्त विभागानं जो तक्ता ठेवला त्यात खोटं काही नव्हतं. एका विद्यार्थ्यामागचा खर्च इतर विभागांपेक्षा कितीतरी जास्त दिसत होता. ज्यांनी बंद करण्याची बाजू मांडली ते विषयाचे वैरी नव्हते. एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, "मॅडम, ज्या कोलंबिया विद्यापीठात ड्यूईनं जगातली पहिली ग्रंथपालांची शाळा काढली, त्यांनीही ती बंद केली." बरोबर होतं ते. १८८७ साली निघालेली ती शाळा, मध्यंतरी ऑल्बनीला जाऊन परत आलेली, १९९२ साली बंद झाली. शिकागोची तर त्याआधीच गेली होती. दुसरे म्हणाले, ग्रंथालय संघांचा सहा महिन्यांचा प्रमाणपत्र वर्ग आहेच की, वाचनालयांना तेवढं पुरे. आणि मग तो आयुष्यभराचा प्रश्न आला, की संगणक शोधून देत असताना यात शिकवायचं तरी काय.

बैठक पुढच्या महिन्यावर गेली. मधल्या दिवसांत मी काही तालुक्यांची वाचनालयं पाहून आले, आमचे जुने विद्यार्थी कुठं कुठं आहेत ते बघायला. त्यातल्या एका वाचनालयात काउंटरवर एक ताई होत्या. बारावी झाल्यापासून कित्येक वर्षं तिथंच काम करणाऱ्या. त्यांच्या टेबलाच्या खणात एक शंभर पानी वही होती. वाचकानं मागितलेलं आणि वाचनालयात नसलेलं प्रत्येक पुस्तक त्या त्यात लिहायच्या: तारीख, मागणाऱ्याचं नाव आणि त्यानं मागितलं त्याच शब्दांत. 'शेळीपालन, पण चित्रांचं.' 'डॉ. आंबेडकरांची भाषणं, लहान मुलाला समजतील अशी.' 'सासूबाईंना मोठ्या अक्षरातली पोथी.' खरेदीची यादी करायची वेळ आली की त्या ती वही कार्यवाहांपुढे ठेवायच्या. पुस्तक आलं की पहिला निरोप मागणाऱ्याला. रंगनाथनांचं दुसरं सूत्र ही बाई न शिकता पाळत होती. मी विचारलं, "ताई, तुम्ही बी.लिब. का केलं नाहीत? पदवी नाही म्हणून अडलं का?" त्या म्हणाल्या, "पदवी मी बाहेरून काढलीये हो. पण तुमचा वर्ग अकरा ते पाच. मी सकाळी अकराला कुलूप लावते आणि संध्याकाळी पाचला उघडते. तुमच्याकडं येऊन जायलाच चार तास. यायचं कधी?"

मी परतीच्या एस.टी.त बसून त्यावरच विचार करत होते. आमचा वर्ग ज्यांच्यासाठी होता ती माणसं वर्गाला निघायच्या आणि परतायच्या वेळी देवघेवीच्या टेबलाशी बसलेली असायची आणि आम्ही रिकाम्या बाकांकडे बघून विषयाला मागणी नाही असं म्हणत होतो. घरी आल्यावर पंचसूत्रीचं पुस्तक पुन्हा काढलं. 'ग्रंथ उपयोगासाठी आहेत' या पहिल्याच सूत्राखाली रंगनाथन लिहितात ते ग्रंथालयाच्या जागेबद्दल आणि वेळेबद्दल. ग्रंथालय लोकांच्या वाटेवर असावं, लोकांना सवड असते तेव्हा उघडं असावं. आणि हेच रंगनाथन शिकवायला लागले तेव्हा १९२९ साली त्यांनी पहिला वर्ग घेतला तो मद्रास ग्रंथालय संघातर्फे, उन्हाळी वर्ग म्हणून. विद्यापीठानं तो आपल्याकडे घेतला तो नंतर, १९३१ मध्ये. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीही तेच केलं होतं. १९१० साली अमेरिकेहून ग्रंथपाल विल्यम बॉर्डनना बडोद्याला आणलं, १९११ साली ग्रंथपालांसाठी वर्ग काढला, आणि लाकडी पेट्यांत पुस्तकं भरून खेड्यांत पाठवली, खेड्यांनी बडोद्याला येण्याची वाट पाहिली नाही.

पुढच्या बैठकीत मी हे सगळं मांडलं. त्या ताईंच्या वहीतली चार पानं त्यांच्या परवानगीनं झेरॉक्स करून नेली होती, ती प्रत्येकापुढे ठेवली. प्रमाणपत्र वर्गात नोंदवही कशी ठेवायची ते शिकवतात आणि चांगलं शिकवतात. पण 'लहान मुलाला समजतील अशी' या चार शब्दांना पुस्तकापर्यंत पोचवायला आणखी बरंच काही लागतं, आणि ते शिकायला सहा महिने अपुरे आहेत, एवढंच मी म्हटलं. कोलंबियाबद्दल म्हटलं, की त्यांच्या आजूबाजूला ग्रंथपाल तयार करणाऱ्या दुसऱ्या शाळा होत्या. आपल्या आजूबाजूला तालुक्याची वाचनालयं आहेत आणि त्यांचे सेवक आहेत. विद्यार्थी नाहीत असं नाही, ते कामावर आहेत. कुलगुरूंनी ती झेरॉक्स पानं सावकाश वाचली आणि मोठ्यानं विचारलं, "हे शेळीपालनाचं पुस्तक शेवटी आलं का?" आलं होतं.

निर्णय झाला तो अर्धा आमच्या मनासारखा. एम.लिब. बंद झालं. त्याचं मला फार वाईट वाटलं आणि अजूनही वाटतं, कारण उद्याचे शिक्षक आणि संशोधक तिथूनच यायचे. बी.लिब. राहिलं, पण वर्ग शनिवार-रविवारी आणि मे महिन्याच्या सुट्टीत भरवायचे, आणि काही वर्षांनी पुन्हा आढावा घ्यायचा. पहिल्या वर्षी ज्यांनी प्रवेश घेतला त्यांत कुणी नुकतं कॉलेजातून आलेलं नव्हतं. साखर कारखान्याच्या वाचनालयातले एक भाऊ, आश्रमशाळेतल्या दोन बाई, देवळाच्या सभामंडपात मोफत वाचनालय चालवणारा एक तरुण, आणि त्या वहीवाल्या ताई, त्यांच्या धाकट्या जावेला बदली म्हणून काउंटरवर बसवून आलेल्या. दुपारी डबे उघडले की वर्गाच्या वेळेपेक्षा जास्त शिकणं त्या टेबलावर व्हायचं. वाळवीला काय करता, सभासद पुस्तक परत करत नाही तेव्हा काय करता, तपासणीला अधिकारी आले तर आधी काय दाखवता.

गडकऱ्यांचा तास मी घेतला तेव्हा ताईंनी हात वर केला. "मॅडम, पुस्तकांचं झालं. पण दिवाळी अंकांचं काय? गोष्ट अंकात असते, अंकावर लेखकाचं नाव नसतं. वाचक गोष्ट मागतो." काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली 'मासिक मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून केवढं लेखन या अंकांतून आलं. आणि वाचनालयांत हे अंक दिवाळी ते उन्हाळा हातोहात फिरून पानं सुटली की वजनावर जातात. त्या वर्गानं प्रकल्प म्हणून तेच घेतलं. प्रत्येकानं आपल्या वाचनालयात असतील तेवढे जुने दिवाळी अंक काढले, लेख-कथा-कविता एकेक करून नोंदल्या, टोपणनावांना खऱ्या नावांशी जोडलं, या वेळी देवनागरीत. आश्रमशाळेतल्या बाईंनी मुलांकडून पानं चिकटवून घेतली. आढाव्याच्या वेळी समितीपुढे ही सूची ठेवली आणि बी.लिब.ला मुदतवाढ मिळाली. पुढच्या तुकड्यांनी काम तसंच चालवलं आहे. मी निवृत्त झाले तरी मे महिन्यात नोंदी तपासायला जाते.

सूचीत अजून पुष्कळ वर्षांचे अंक गळलेले आहेत, विशेषतः पन्नास आणि साठच्या दशकांतले. तुमच्या माळ्यावर किंवा आजोबांच्या ट्रंकेत असे अंक असतील तर यंदाच्या साफसफाईत ते रद्दीवाल्याला देऊ नका. पानं सुटलेली असली तरी चालतील, कव्हर गेलेलं असलं तरी चालेल. गावच्या वाचनालयात नेऊन द्या आणि काउंटरवर जे कोणी असतील त्यांना सांगा, की आतल्या प्रत्येक मजकुराची वेगळी नोंद करून घ्या.